चढण, सायकल आणि जोडमोटार

सायकलीला तीन शत्रू आहेत असे जुने सायकलस्वार म्हणत असत: समोरचा वारा, पाठीवरचे ओझे आणि रस्त्याची चढण. वारा कधीतरी दिशा बदलतो, ओझे कधीतरी उतरते. चढण मात्र रोज त्याच जागी उभी असते. पेडणे आणि डिचोली हे गोमंतकाच्या उत्तर अंगाचे दोन तालुके या तिसऱ्या शत्रूच्या बाबतीत विशेष संपन्न आहेत. आजकाल जुन्या सायकलीच्या पायडलाच्या आसाशी एक छोटी विद्युत् मोटार बसवून ही चढण जिंकण्याचा प्रयोग पुष्कळ जण करीत आहेत. तिला कारागीर ‘मिडड्राइव्ह’ म्हणतात. आपण तिला जोडमोटार म्हणू. ही वस्तू नवी दिसते, पण तिच्यामागची कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. तिची कथा सांगताना आपल्या रस्त्यांची आणि त्यांवरून राबणाऱ्या पायांची कथाही ओघानेच येते.

प्रथम भूमीकडे पाहू. डिचोली आणि सत्तरी हे प्रदेश १७८१-८२च्या सुमारास, आणि पेडणे १७८८मध्ये सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले. ‘नव्या काबिजादी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मुलखाला तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या तालुक्यांइतके रस्ते फार काळ लाभले नाहीत. पेडण्याच्या उत्तरेला तेरेखोल नदी आणि दक्षिणेला शापोरा. मधे जांभ्या दगडाची पठारे आणि त्यांच्या कुशीत शेती व वस्ती. डिचोलीकडे वाळवंटी व मांडवी यांची खोरी आणि त्यांभोवती लोहखनिजाने भरलेल्या टेकड्या. गाव खाली, पठार वर, पुढचे गाव पुन्हा खाली, असा हा भूभागाचा घाट आहे. श्रीमंत मनुष्य मचिल्यातून, म्हणजे माणसांनी खांद्यावर वाहिलेल्या डोलीतून जाई. माल होडीने आणि बैलगाडीने जाई. बाकीचे सारे पायी. मुरगाव बंदरातून निघणारी रेल्वे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली, पण ती दक्षिणेकडून पूर्वेकडे घाट चढून गेली. पेडण्याला रेल्वेचे स्थानक मिळण्यास कोकण रेल्वेची, म्हणजे विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकाची वाट पाहावी लागली.

अशा मुलखात सायकलीचे आगमन ही सामान्य माणसाच्या दृष्टीने केवढी मोठी घटना असेल याची कल्पना करावी. दोन सारख्या चाकांची आणि मागच्या चाकाला साखळीने गती देणारी सायकल इंग्लंडमध्ये जे. के. स्टार्ले यांनी १८८५मध्ये बाजारात आणली. तीन वर्षांनी डनलॉप यांनी हवेचा टायर सिद्ध केला. त्यानंतर या यंत्राचा सांगाडा मूलतः बदललेला नाही. भारतात स्वातंत्र्यानंतर सायकलीचे कारखाने उभे राहिले: मद्रासला टी. आय. सायकल्स १९४९मध्ये, सोनिपतला ॲटलास १९५१मध्ये, लुधियानाला हिरो १९५६मध्ये. गोव्याची हद्द मात्र त्या काळी परकी होती. १९५५च्या आर्थिक नाकेबंदीनंतर भारतीय माल पत्रादेवी किंवा दोडामार्गच्या नाक्यावरून पूर्वीसारखा येईना. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि या दोन्ही तालुक्यांची उत्तरेची वाट मोकळी झाली.

सायकल गोव्यात कोणी खऱ्या अर्थाने आपली केली असे विचाराल, तर मी पोदेराचे नाव घेईन. पाव पोर्तुगिजांबरोबर आला, ताडीच्या आंबवणाने येथे फुगला आणि गावोगावच्या भट्ट्यांतून घरोघर पोचू लागला. जुना पोदेर हातातील काठीच्या खुळखुळण्याने आपल्या येण्याची वर्दी देत असे. पुढे काठी गेली आणि सायकल आली. मागच्या कॅरिअरवर वेताची किंवा बांबूची मोठी पाटी, तीवर प्लास्टिकचे आच्छादन आणि हँडलला रबरी भोंगा. पहाटे आणि सायंकाळी त्या भोंग्याच्या आवाजावर गावाचे घड्याळ चाले. परंतु पोदेराचे अर्धे कष्ट पायडल मारण्याचे, तर अर्धे सायकल हाताने ढकलीत चढण चढण्याचे. चढणीच्या पायथ्याशी उतरून हँडलवर अंग टाकीत जाणारा पोदेर ज्याने पाहिला नाही, असा येथला जुना माणूस विरळा.

या ढकलण्यावर उपाय काढण्याचे प्रयत्न जगभर फार पूर्वीपासून चालले होते. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांनी १८९५मध्ये मागच्या चाकाच्या तुंब्यात विजेची मोटार बसवण्याचे पेटंट घेतले. दोनच वर्षांनी बॉस्टनच्या होसिया लिबी यांनी निराळा मार्ग काढला: त्यांनी मोटार पायडलाच्या आसापाशी आणली. म्हणजे आज जे दोन पंथ आहेत, चाकातली मोटार आणि मधली मोटार, ते दोन्ही एकोणिसाव्या शतकातच जन्मले होते. ते फळले नाहीत याचे कारण मोटारीत नव्हते, विजेच्या साठ्यात होते. त्या वेळची शिशाची बॅटरी इतकी जड की तिने दिलेली मदत बरीचशी तिलाच वाहून नेण्यात खर्ची पडे.

म्हणून पुढचे अर्धशतक पेट्रोलचे झाले. दुसऱ्या महायुद्धाने होरपळलेल्या युरोपात लोकांपाशी मोटार घेण्यास पैसा नव्हता. जुनी सायकल मात्र घरोघर होती. इटलीत आल्दो फारिनेल्ली यांनी रचलेले ‘कुच्चोलो’ नावाचे ४८ घनसेंटिमीटरचे इंजिन युद्ध संपताच बाजारात आले. कुच्चोलो म्हणजे कुत्र्याचे पिल्लू. त्याच्या भुंकण्यासारख्या आवाजावरून हे नाव पडले. हे इंजिन सायकलीच्या पायडलापाशी बसे आणि सायकलीच्याच साखळीने मागचे चाक फिरवी. पुढे मोटारसायकलींसाठी जगप्रसिद्ध झालेल्या डुकाटी कारखान्याने या धंद्यात पहिले पाऊल टाकले ते हेच पिल्लू घेऊन. फ्रान्समध्ये १९४६पासून ‘सोलेक्स’ विकली जाऊ लागली. तिचे इंजिन पुढच्या चाकावर बसून रबरी टायरला रूळाने ढकलीत असे. आजची जोडमोटार ही त्या कुच्चोलोचीच नात म्हणावी लागेल. केवळ पेट्रोलच्या जागी वीज आली.

आपल्याकडे ही परंपरा ज्या वाहनाने घरोघर नेली ते पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगचे. १९७२मध्ये त्यांनी ‘लूना’ रस्त्यावर आणली. शिक्षक, पोस्टमन, दूधवाले, कारकून आणि नोकरीस निघालेल्या स्त्रिया यांना स्वतःच्या मालकीच्या इंजिनाची पहिली ओळख महाराष्ट्रात बहुधा लूनानेच करून दिली. तिला पायडल होते. चालू करताना, चढणीवर हातभार लावताना आणि पेट्रोल संपल्यावर घरी पोचताना त्यांचा उपयोग होई. पण जसजसे इंजिन बळकट झाले तसतसे पायडल हे शोभेचे अवयव बनले, आणि अखेर गळून पडले. स्कूटर आणि मोटारसायकल आल्यावर माणसाचा पाय वाहनाच्या गतीशी असलेले नाते पूर्णपणे तोडून बसला. गोव्यात तर मोटारसायकल हे सार्वजनिक वाहन झाले. पिवळ्या-काळ्या रंगाच्या मोटारसायकलीवर गिऱ्हाइकाला मागे बसवून नेणारा ‘पायलट’ ही येथली खास संस्था आहे. पुष्कळ पोदेरांनीही सायकल सोडून मोटारसायकल धरली. त्यांना दोष कोण देईल? चढण ज्याला रोज ढकलावी लागते त्याने सुटकेचा मार्ग पाहिला, तर ते स्वाभाविकच आहे.

तथापि पायाला हाकलून न देता त्याला मदत करणारे यंत्र असू शकते का, हा प्रश्न शिल्लक होता. त्याचे समर्थ उत्तर जपानमधील यामाहा कंपनीने १९९३मध्ये दिले. त्यांच्या ‘पास’ नामक सायकलीत पायडलावर पडणारा दाब मोजणारी योजना होती. स्वार जितका जोर लावील त्या प्रमाणात मोटार जोर लावी आणि वेग वाढला की हळूहळू माघार घेई. पाय थांबला की मोटारही थांबे. त्याच सुमारास लिथियमची बॅटरी बाजारात येऊ लागली होती. अर्धा युनिट वीज साठवणारी शिशाची बॅटरी सुमारे चौदा किलो भरते. तेवढीच वीज साठवणारी लिथियमची तीन किलोंच्या आसपास. लिबींचा शंभर वर्षे अडलेला विचार येथे मोकळा झाला. पुढे चीनमधील कारखान्यांनी जुन्या सायकलीचा पायडलाचा आस काढून त्या जागी बसणारे सुटे किट बनवले आणि ते जगभर पसरले.

हे किट चढणीच्या मुलखात का उपयोगी, हे थोड्या हिशेबाने पाहू. स्वार, सायकल व सामान मिळून वजन १०० किलो धरा. शंभर मीटर अंतरात पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी १२ किलोमीटर वेगाने जाण्यास सुमारे १९० वॉट शक्ती लागते. साधा निरोगी मनुष्य दीर्घकाळ ७५ ते १०० वॉट देऊ शकतो. तेवढ्यावर त्याचा वेग ताशी सहा किलोमीटरांपर्यंत उतरतो, म्हणजे चालण्याच्या जवळ. म्हणूनच तो उतरून ढकलू लागतो. उरलेले शंभरेक वॉट मोटारीने दिले की तो बसून चढतो. चाकातील मोटार चढणीवर चाकाबरोबरच मंद होते आणि तिला दिलेल्या विजेचा मोठा भाग उष्णतेत वाया जातो. पायडलापाशी बसलेली मोटार मात्र सायकलीच्या गिअरचा लाभ घेते: चाक मंद फिरत असतानाही ती स्वतः आपल्या सोयीच्या वेगाने फिरत राहते. पठाराची उंची ६० मीटर धरली, तर शंभर किलो वजन वर नेण्यास सुमारे २० वॉट-तास वीज पुरते, आणि सामान्य बॅटरीत साडेचारशेच्या वर वॉट-तास असतात. म्हणजे पाय आपला वाटा उचलीत असतील तर एका भरणीत ३०-४० किलोमीटर सहज होतात.

आता तिच्यासह नांदण्याच्या अडचणी. दोन बळे एकाच साखळीतून जाऊ लागली की साखळी आणि दातेरी चक्रे लवकर झिजतात. गिअर बदलताना पायाचा व मोटारीचा जोर क्षणभर सैल केला नाही तर दाते तुटतात. एकाच गिअरच्या काळ्या सायकलीला हे किट बसवले तर तिचा मुख्य गुणच वाया जातो. शिवाय त्या सायकलींचे सळईचे ब्रेक लोखंडी रिमवर पावसात निसटतात. चढण जिंकणारा प्रत्येक स्वार पलीकडे तितकाच उतार उतरणार असतो. तेव्हा मोटारीआधी ब्रेक सुधारावेत. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि हरमल, मोरजी, मांद्रे येथे खारा वारा बारमाही असतो. म्हणून तारांचे सांधे कोरडे राखणे, साखळीस वरचेवर तेल देणे आणि धुताना पाण्याचा जोरदार झोत मोटारीवर न मारणे हे नित्यकर्म होय. बॅटरी तिच्याच चार्जरने, डोळ्यांसमोर, कोरड्या जागी भरावी. पावसाळाभर ठेवून द्यायची असेल तर निम्मी-अधिक भरलेली ठेवावी.

कायद्याचीही एक मर्यादा आहे. मोटारीची शक्ती पाव किलोवॉटपेक्षा कमी आणि वेगाची सीमा ताशी २५ किलोमीटर असेल, तर नेमलेल्या संस्थेने तपासून मान्य केलेल्या सायकलीला केंद्रीय नियमांनुसार मोटार-वाहन मानले जात नाही. बाजारात मात्र याच्या दुप्पट-तिप्पट शक्तीची किटे मिळतात. ती बसवणारा मनुष्य नोंदणी, परवाना आणि विमा यांवाचून मोटारसायकल चालवीत असतो. अपघात झाला म्हणजे ही गोष्ट त्याच्या ध्यानात येते. शिवाय सायकलीचा सांगाडा सायकलीच्या वेगासाठी घडवलेला असतो, हेही विसरता कामा नये.

आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. डिचोलीच्या रस्त्यांवरून सायकल हटली ती केवळ चढणीमुळे नव्हे. खनिज वाहणाऱ्या ट्रकांच्या रांगांपुढे आणि लाल धुळीपुढे सायकलस्वाराला जागाच उरली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये खाणी थांबवल्या, २०१८मध्ये पट्टे रद्द केले. पुढे डिचोलीत उत्खनन पुन्हा सुरू झाले. पेडण्यात मोपाचा विमानतळ २०२३च्या जानेवारीपासून वाहता झाला आणि त्याच्यासाठी रुंद, वेगवान रस्ते आले. अशा रस्त्यांच्या कडेला पायडल मारणाऱ्यासाठी दोन हात सुरक्षित पट्टी नसेल, तर जगातील उत्तमातील उत्तम जोडमोटार त्याच्या कामाची नाही. यंत्र चढण सपाट करू शकते. मागून येणाऱ्या ट्रकला ते थोपवू शकत नाही.

किटची किंमत अजून साध्या सायकलीच्या कितीतरी पट आहे. त्यामुळे आज ते बहुधा हौशी आणि सुस्थित माणसाच्या हाती दिसते; ज्याच्या पाटीत पाव, मासळी किंवा भाजी आहे त्याच्या हाती क्वचित. इतिहासाचा अनुभव असा की कुच्चोलो आणि लूना यांचे खरे मोल श्रीमंतांनी ठरवले नाही; चालून थकलेल्यांनी ठरवले. जोडमोटारीची परीक्षाही तेथेच व्हायची आहे. माणसाचे श्रम पूर्णपणे काढून घेणारी यंत्रे आपल्याला पुष्कळ मिळाली. त्याचे श्रम त्याच्यापाशी ठेवून त्यांतील जाच तेवढा कमी करणारे यंत्र दुर्मिळ असते. पहाटेचा भोंगा चढणीच्या माथ्यावरही त्याच दमाने वाजू लागेल, तेव्हा लिबींची ती जुनी कल्पना आपल्या मुलखात खऱ्या अर्थाने पोचली असे म्हणता येईल.