उजळणीपासून शाब्दिक उदाहरणापर्यंत : नाशिक परिसरातील प्राथमिक गणिताचा पूर्वेतिहास

प्राथमिक शाळेच्या गणिताच्या पुस्तकात आकडेमोड संपली की तिच्याखाली दोन-चार ओळींची जी उदाहरणे येतात, ज्यांत संख्या उघड मांडलेल्या नसून एखाद्या व्यवहाराच्या वर्णनात गुंफलेल्या असतात, त्यांना शाब्दिक उदाहरणे म्हणतात. बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार बिनचूक करणारे मूल या उदाहरणांपाशी येऊन अडते, हा अनुभव नाशिक जिल्ह्यातील शिक्षकांना आणि पालकांना नवा नाही. मात्र ही अडचण मुलाच्या बुद्धीची आहे असे ठरवण्यापूर्वी या परिसरात हिशेब कसा शिकवला जात होता आणि त्या शिकवण्यातून कोणत्या टप्प्यावर काय निसटले, हे पाहणे आवश्यक आहे. ज्या काळी व्यवहार मुलाच्या डोळ्यांसमोर चालत असे, त्या काळी उदाहरणाचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागत नव्हता; व्यवहार छापील पानावर गेला आणि मुलाच्या हाती केवळ रीत उरली, तेव्हा अर्थ लावून देण्याचे काम शिक्षकावर आले, आणि या कामाला शाळेच्या वेळापत्रकात आजही पुरेशी जागा मिळालेली नाही.

शब्दांत गुंफलेल्या उदाहरणांची परंपरा या प्रदेशात फार जुनी आहे. नाशिकला लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे, तेराव्या शतकाच्या प्रारंभीचा एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केल्याचे त्यात नमूद आहे. ज्या ग्रंथांचे अध्ययन तेथे व्हावयाचे होते, त्यांतील ‘लीलावती’ हा अंकगणिताचा ग्रंथ इ. स. ११५० च्या सुमाराचा असून त्यातील उदाहरणे भुंगे, हंस, मोर, सर्प, तुटलेला वेळू अशा दृश्यांतून मांडलेली आहेत. भुंग्यांचे उदाहरण त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहे: एका थव्यातील पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर गेला, या दोन हिश्शांतील फरकाच्या तिप्पट भुंगे कुटजावर गेले आणि एक भुंगा आकाशात घुटमळत राहिला, तर थव्यात भुंगे किती? हे उदाहरण सोडवण्याची जी रीत ग्रंथात आहे तिला इष्टकर्म म्हणतात. इष्टकर्म म्हणजे उत्तर म्हणून सोयीची एखादी संख्या धरून चालायचे, तिच्यावर उदाहरणात सांगितलेले सर्व संस्कार करायचे आणि शेवटी जे उरेल त्याची दिलेल्या संख्येशी तुलना करून धरलेली संख्या त्या मानाने वाढवायची किंवा घटवायची. थव्यात ३० भुंगे धरले, तर पाचवा हिस्सा ६, तिसरा हिस्सा १०, फरक ४, त्याची तिप्पट १२. सगळे मिळून २८ गेले आणि २ उरले. उदाहरणात मात्र एकच उरला आहे, म्हणून धरलेली संख्या निम्मी करायची आणि उत्तर १५ येते. प्राथमिक वयाच्या मुलासाठी ही रीत आजही अत्यंत उपयुक्त आहे, कारण तिच्यात मूल प्रथम भुंग्यांच्या मागे कदंबापासून कुटजापर्यंत जाते, घटना कोणत्या क्रमाने घडली हे संख्येच्या आधाराने अनुभवते, आणि चुकीच्या अंदाजाचाही उत्तराकडे जाण्यासाठी उपयोग करून घेते.

‘लीलावती’ची परंपरा संस्कृत जाणणाऱ्या मोजक्या विद्यार्थ्यांपुरती राहिली. पेशवाईच्या उत्तरार्धात आणि इ. स. १८१८ मध्ये नाशिक प्रांत इंग्रजी अमलाखाली आल्यानंतरही अनेक वर्षे सामान्य हिशेब शिकवला जात होता तो पंतोजींच्या शाळांत. या शाळा एखाद्या देवळाच्या ओवरीत किंवा सावकाराच्या ओसरीवर भरत, आणि मुले धूळपाटीवर, म्हणजे बारीक धूळ पसरलेल्या फळीवर, अक्षरे व अंक गिरवत. शिक्षणाचा कणा होता उजळणी. एकपासूनचे पाढे झाले की अपूर्णांकांचे पाढे सुरू होत: पावकी म्हणजे पावाचा पाढा, निमकी अर्ध्याचा, पाऊणकी पाऊणाचा, सवायकी सव्वाचा, दिडकी दीडाचा, अडीचकी अडीचाचा आणि औटकी साडेतीनाचा. संध्याकाळी मुले हे सारे एका सुरात म्हणत. त्या म्हणण्याला परवचा म्हणत. या शाळांत मुख्यतः ब्राह्मण व व्यापारी घरांतील मुलगे असत आणि मुली, शूद्रातिशूद्र जाती व आदिवासी यांना तेथे प्रवेश जवळजवळ नव्हताच, हे विसरून या पद्धतीचा गौरव करता येणार नाही.

तरीही उजळणीला केवळ घोकंपट्टी म्हणून बाजूला सारणे योग्य नव्हे. अपूर्णांकांच्या पाढ्यांमागे मापांची एक पूर्ण रचना उभी होती. धान्य मोजताना दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली होत असे. वजनात ४० शेरांचा मण होता. रुपयाचे १६ आणे आणि आण्याचे ४ पैसे होते. या रचनेवर तोंडी हिशेबाची अनेक सूत्रे आधारलेली होती. मणाला जितके रुपये दर, तितके आणे अडीच शेरांना, हे त्यांपैकी एक. ४० शेरांचे १६ भाग केले की एकेका भागात अडीच शेर येतात आणि रुपयाचे १६ भाग केले की एकेक आणा येतो, एवढेच त्याचे कारण. गव्हाचा दर मणाला ९ रुपये असेल, तर अडीच शेर गव्हाचे ९ आणे झाले हे दुकानातला मुलगा लेखणी न उचलता सांगत असे. पंतोजी हे कारण सहसा सांगत नसत आणि हा त्या पद्धतीचा मोठा दोष होता. परंतु मुलाने तराजू पाहिलेला असे, मापटे हाताळलेले असे आणि आणा मोजून दिलेला असे. त्यामुळे सूत्र पाठ असले तरी ते कशाविषयी आहे याचा त्याला कधी संभ्रम पडत नसे.

१८२० च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी इंग्रजी गणितग्रंथांची मराठी भाषांतरे करवून घेतली आणि नव्या सरकारी मराठी शाळांसाठी शिक्षकही तयार केले. पुढे केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्या विद्वानांनी मराठीत अंकगणिताची पाठ्यपुस्तके लिहिली. छापील पुस्तकाचे उपकार मोठे आहेत, कारण त्यामुळे रीत गुरूच्या मर्जीवर अवलंबून राहिली नाही आणि तिची कारणमीमांसा लिहून ठेवता आली. पण त्याबरोबरच उदाहरणांची प्रकरणवार विभागणी झाली. त्रैराशिक, पंचराशिक, सरळव्याज, नफा-तोटा, काळ-काम-वेग अशी प्रकरणे पडली. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी रीत, मग एक सोडवून दाखवलेले उदाहरण आणि त्यानंतर त्याच साच्यातील उदाहरणांची लांब माळ, हा क्रम रूढ झाला. त्रैराशिक म्हणजे तीन ज्ञात राशींवरून चौथी काढण्याची रीत. त्या प्रकरणातले प्रत्येक उदाहरण त्रैराशिकाचेच असणार हे विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असल्याने उदाहरण वाचून त्यात काय घडले आहे हे ठरवण्याची त्याला गरजच उरली नाही. पुढे त्रैराशिकाच्या जागी एकमान पद्धत, म्हणजे आधी एका वस्तूची किंमत काढून मग हव्या तितक्यांची काढण्याची पद्धत, आली आणि रीतीमागचे कारण मुलाला दिसू लागले. प्रकरणांची चौकट मात्र तशीच राहिली.

हिशेब कोणासाठी, हा प्रश्न याच काळात महात्मा जोतीराव फुले यांनी धसास लावला. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे केलेल्या निवेदनात त्यांनी ग्रामीण प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमात मोडी व बालबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेबाचा स्पष्ट समावेश मागितला. ज्या समाजात कर्जरोखा, सारा आणि व्याज यांचे आकडे दुसऱ्यानेच मांडायचे आणि शेतकऱ्याने अंगठा उठवायचा, त्या समाजात व्याजाचे उदाहरण समजणे हा जगण्याचा प्रश्न होता. शाब्दिक उदाहरणाला याहून भक्कम समर्थन नंतरच्या कोणत्याही शिक्षणशास्त्रीय ग्रंथाने दिलेले नाही.

स्वातंत्र्यानंतर १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम व लिटर आले. आणे, शेर आणि पायली यांच्याबरोबर अडीचकी व औटकी यांचा बाजारातील आधार गेला. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन होऊन ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या आणि १९६७ मध्ये पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजेच बालभारती, स्थापन झाल्यावर सुरगाण्यापासून सिन्नरपर्यंत सर्व मराठी शाळांतील मुलांच्या हाती एकच पुस्तक पडू लागले.

याच कालखंडात नाशिकनजीकच्या देवळालीत एक शाळाशिक्षक संख्यांकडे वेगळ्या रीतीने पाहत होते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीत शिक्षकी केली, आणि ज्या संख्यांना त्यांनी स्वयंभू म्हटले त्या या गावावरून देवळाली संख्या म्हणूनही ओळखल्या जातात. १९४९ मध्ये त्यांनी मांडलेला ६१७४ चा गुणधर्म जगप्रसिद्ध आहे. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी आणि आलेल्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. ३५२४ घेतल्यास ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४; येथून पुढे ६१७४ च येत राहते, आणि तेथे पोहोचण्यास सातहून अधिक पायऱ्या कधीच लागत नाहीत. यातली प्रत्येक पायरी प्राथमिक शाळेतील हातच्याची वजाबाकी आहे. एरवी कंटाळवाणी ठरणारी तीच वजाबाकी येथे मूल आपणहून करीत राहते, कारण पुढे काय येईल हे त्याला पाहायचे असते. हीच उत्सुकता शाब्दिक उदाहरणाच्या वाचनात आणता आली, तर अर्धे काम होते.

प्रत्यक्षात मात्र ती उत्सुकता स्पर्धेच्या घाईत विरते. शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीत खुणेचे शब्द पाठ करून घेण्याची प्रथा सर्रास आढळते: ‘एकूण’ आले की बेरीज, ‘उरले’ आले की वजाबाकी, ‘प्रत्येकी’ आले की गुणाकार. ही प्रथा मुलाला वाचायला शिकवत नाही, तर वाचणे टाळायला शिकवते. ही विकृती केवळ येथली नाही. फ्रान्समध्ये ग्रेनोबल येथील गणितशिक्षण संस्थेने १९७९ मध्ये जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या असतील तर कप्तानाचे वय किती, असा अर्थहीन प्रश्न ९७ मुलांना विचारला, तेव्हा ७६ मुलांनी दिलेल्या संख्यांची काही ना काही आकडेमोड करून वय सांगितले. मुले मूर्ख होती म्हणून असे घडले नाही. शाळेतल्या प्रश्नाला उत्तर असतेच आणि ते दिलेल्या आकड्यांतूनच निघते, हा शाळेने दिलेला धडा त्यांनी इमानाने गिरवला होता.

नाशिक जिल्ह्यात या अडचणीला भाषेची जोड मिळते. बागलाण, मालेगाव, कळवण या भागांत घरी अहिराणी बोलली जाते, तर सुरगाणा व पेठ या तालुक्यांत कोकणा व इतर आदिवासी समाजांच्या बोली आहेत. ‘उर्वरित’, ‘अनुक्रमे’, ‘प्रमाणात’ हे पुस्तकी शब्द तेथील मुलाला प्रथम गणिताच्या तासालाच भेटतात, आणि त्या शब्दांशी झालेली अडखळ गणितातली अडखळ म्हणून नोंदली जाते. म्हणून मुलाने उदाहरण वाचल्यावर पुस्तक मिटून ते स्वतःच्या बोलीत सांगावे, त्याचे साधे चित्र काढावे आणि त्यानंतरच आकडे लिहावेत, हा क्रम येथे केवळ सोयीचा नसून न्यायाचा आहे.

लासलगाव परिसरातील मुलाला ठाऊक असलेल्या व्यवहारातून असे एक उदाहरण घेता येते: कांदा क्विंटलला १,२०० रुपये दराने विकला, ट्रॅक्टरचे ९०० रुपये भाडे देऊन हाती १५,९०० रुपये उरले, तर कांदा किती क्विंटल होता? ‘देऊन’ आणि ‘उरले’ हे दोन्ही शब्द वजाबाकी सुचवतात, आणि खुणेच्या शब्दांवर विसंबणारे मूल १५,९०० मधून ९०० वजा करून १५,००० वर येते. बापाबरोबर बाजार समितीत गेलेल्या मुलाला मात्र घडलेली गोष्ट उलट्या क्रमाने सांगायला लावली, तर भाडे देण्यापूर्वी हाती किती असेल हे त्याला आपोआप सुचते: १५,९०० मध्ये ९०० मिळवले की १६,८०० होतात, आणि त्याला १,२०० ने भागले की १४ क्विंटल. शेवटापासून आरंभाकडे येत प्रत्येक क्रिया उलटवण्याच्या या रीतीला ‘लीलावती’त व्यस्तविधी म्हटले आहे. त्यानंतर ताळा पाहणे, म्हणजे आलेले उत्तर मूळ गोष्टीत ठेवून पडताळणे, हे कामही मुलानेच करायचे असते: १४ क्विंटलचे १६,८०० रुपये, त्यांतून भाड्याचे ९०० गेले, उरले १५,९००. ताळा जमला की तोच दर आणि तेच भाडे ठेवून वेगळा प्रश्न विचारणारे स्वतःचे उदाहरण मुलाने तयार करावे आणि शेजारच्या मुलाला सोडवायला द्यावे. ते उदाहरण सुटण्याजोगे आहे की नाही, याचा वाद ती दोघे शिक्षकाच्या मदतीशिवाय मिटवू शकतात.