शेअर न विकता खर्चाला पैसे

मर्टल मॅकोम्बर या बाईंकडे कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीचे २,२०० शेअर होते. १९१६ साली कंपनीने दोनाला एक या हिशेबाने बोनस शेअर दिले. बाईंना १,१०० मिळाले, रोख मात्र काहीच नाही. तरी सरकारने त्यातल्या सुमारे १९८ शेअरांवर आयकर मागितला. बाईंनी निषेध नोंदवून तो भरला आणि कोर्ट गाठलं. वकील कोण, तर त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक थोडक्यात हरलेले चार्ल्स इव्हान्स ह्यूज! म्हणजे प्रश्न एकट्या बाईंचा नव्हता, हे उघडच होतं.

८ मार्च १९२० ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी बाईंच्या बाजूने निकाल दिला. शेअरची किंमत फुगली म्हणजे उत्पन्न झालं असं नाही. भांडवलापासून काहीतरी सुटं होऊन मालकाच्या हातात पडलं पाहिजे. न्या. ब्रँडाइस विरोधात होते. अशाने सगळ्यात यशस्वी धंद्यांचे मालक आपल्या कमाईच्या मोठ्या भागावरचा कर चुकवतील, असं त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं.

पण शेअर विकायचे नाहीत, तर बंगला-बोटी कशातून घ्यायच्या? आपल्याकडे अडीनडीला आजीच्या पाटल्या तारण ठेवतात, तसंच. शेअर तारण ठेवून कर्ज काढायचं. कर्ज हे उत्पन्न नव्हे, त्यामुळे कर नाही. व्याजापेक्षा शेअर जोरात वाढत असेल तर फेडायची घाईही नाही. ओरॅकलच्या लॅरी एलिसन यांनी असे कोट्यवधी शेअर तारण ठेवल्याचं कंपनीच्याच कागदपत्रांत आहे. १९२१ च्या कायद्याने तर कळसच केला: मालक गेल्यावर वारसांची खरेदी किंमत त्या दिवसाच्या बाजारभावाने धरायची. वारसांनी शेअर विकून कर्ज फेडलं, तरी आयुष्यभराच्या वाढीवर आयकर शून्य. वारसा कर असतो, पण त्याच्याही पळवाटा आहेत.

भारतात ही शेवटची सोय नाही. वारसाला मूळ मालकाचीच खरेदी किंमत लागू होते. तारण मात्र इथेही जोरात चालतं. पाटल्यांचा भाव एका दिवसात कोसळत नाही, शेअरचा कोसळतो. जानेवारी २००९ मध्ये सत्यमचा घोटाळा फुटला, तेव्हा राजू कुटुंबाने तारण ठेवलेले शेअर सावकार कंपन्यांनी बाजारात विकून टाकल्याचं समोर आलं. सामान्य भागधारकांना त्या तारणाचा पत्ताच नव्हता. त्याच महिन्यात सेबीने प्रमोटरांचं तारण जाहीर करणं सक्तीचं केलं. आता तो आकडा शेअर बाजाराच्या साइटवर, शेअरहोल्डिंगच्या तक्त्यात, ‘प्लेज्ड’ या रकान्यात मोबाइलवरही दिसतो.