सुईची कुजबुज

अब्बांचं वय पंच्याऐंशी. अब्दुल करीम खाँसाहेबांचा नाद त्यांना लहानपणापासून. गेल्या वर्षी माझ्या मुलानं रेकॉर्ड प्लेअर आणला आणि अब्बांची जपून ठेवलेली एलपी लावली. आवाज आला तो भिंतीपलीकडून यावा तसा. व्हॉल्यूम वाढवला, तर खाँसाहेबांपेक्षा फुसफुसाटच मोठा. अब्बा थोडा वेळ ऐकत बसले. मग म्हणाले, ‘‘बेटा, बंद कर. माझे कान गेले आता.’’

श्रोतेहो, कान गेले नव्हते. हिशेब चुकला होता. तो समजून घेताना मला शंभर वर्षांचा इतिहास सापडला.

१९०२ साली कलकत्त्यात गौहरजानच्या तबकड्या मुद्रित झाल्या, तेव्हा या कामात विजेचा संबंध नव्हता. चावीच्या फोनोत सुई अभ्रकाचा पडदा हलवायची आणि कर्णा तो आवाज घरभर पसरवायचा. मोठा आवाज हवा तर जाड सुई, मंद हवा तर बारीक. १९२५ पासून विजेवर ध्वनिमुद्रण सुरू झालं. पुढं वाजवतानाही सुईच्या थरथरीची वीज होऊ लागली. आवाज वाढवणं हे आता अॅम्प्लिफायरचं काम झालं.

१९४८ मध्ये एलपी आली. तिच्या बारीक खाचेत खर्ज मावावा म्हणून तो मुद्रणात कमी करतात आणि तार स्वर वाढवतात. वाजवताना हे उलट फिरवायचं. त्याचं प्रमाण १९५४ मध्ये अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण संघटनेनं ठरवलं. फोनो प्रीअॅम्प हेच करतो आणि सुईची क्षीण वीजही वाढवतो.

ती किती वाढवायची, हे कार्ट्रिजवर ठरतं. एका जातीत सुईच्या दांडीवर चुंबक हलतो. ती साधारण ५ मिलिव्होल्ट देते. दुसरीत तारेचं वेटोळं हलतं. ते हलकं हवं, म्हणून तारेचे फेरे थोडे आणि वीजही थोडी. जपानच्या एनएचके या नभोवाणीसाठी १९६०च्या दशकात घडवलेली डेनॉनची डीएल-१०३ ही कार्ट्रिज अवघे ०.३ मिलिव्होल्ट देते.

आता हिशेब. ४० डेसिबल म्हणजे शंभर पट. पाचाचे पाचशे मिलिव्होल्ट झाले, की अॅम्प्लिफायरला पुरे. पण ०.३चे होतात फक्त तीस! तिथं ६० डेसिबल, म्हणजे हजार पट वाढ हवी. तेव्हा तीनशे होतात. उलट पाचाला हजारानं गुणलं, तर पाच व्होल्ट. एवढं बऱ्याच यंत्रांना पेलत नाही, स्वर फाटतो.

आमची कार्ट्रिज वेटोळ्याची होती आणि प्रीअॅम्पच्या मागचा खटका चुंबकाच्या खुणेवर. मुलानं आधी व्हॉल्यूम पूर्ण उतरवला, खटका सरकवला आणि सुई पुन्हा ठेवली.

मला मात्र वेगळंच खटकत होतं. म्हाताऱ्या माणसानं ‘माझे कान गेले’ म्हटलं आणि आम्ही कुणीच ‘नाही’ म्हटलं नव्हतं. यंत्र तपासण्याआधी आम्ही अब्बांनाच बाद केलं होतं.

मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात विसावलेले खाँसाहेब आमच्या खोलीत गाऊ लागले. अब्बांनी डोळे मिटले. बोटं मांडीवर ठेका धरू लागली.

‘‘अरे,’’ ते म्हणाले, ‘‘तबलासुद्धा ऐकू येतोय.’’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)