चक्री भजन : पाळीने गाण्याची आपली परंपरा

चक्री भजन म्हणजे गोलात बसून पाळीपाळीने म्हणायचे भजन. यात मुख्य गायक ठरलेला नसतो. एकाने अभंग म्हणायचा, बाकीच्यांनी टाळ धरून धृपद उचलायचे. अभंग संपला की शेजारच्याची पाळी. कोकणात आणि मुंबईत हा प्रकार चांगलाच रुळलेला आहे. बडोद्यात आम्ही तो गुरुवारच्या दत्तभजनाला जोडला आहे.

दत्तभक्तीचे येथे कारण आहे. टेंबेस्वामींनी १९१४ साली नर्मदाकाठी गरुडेश्वरला समाधी घेतली. नारेश्वरचे रंग अवधूत महाराज मराठी कुटुंबातले, पण त्यांनी १९३५ साली रचलेली दत्तबावनी गुजराती आहे. त्यामुळे आमचे भजन मराठीत सुरू होते आणि दत्तबावनीने संपते. तेवढ्यासाठी शेजारची गुजराती मंडळीही येऊन बसतात.

संगीताच्या बाबतीत बडोद्याला काही कमी नव्हते. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८८६ साली, मौलाबक्ष यांच्या हाताखाली गायनशाळा सुरू झाली. तिथे शिक्षण होते, परीक्षा होत्या. भजनाला परीक्षा नाही. ते माजघरात आणि देवळाच्या ओसरीवर ऐकून ऐकूनच शिकायचे.

साहित्य थोडे लागते : पेटी, पखवाज, टाळ, चिपळ्या. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ऐनवेळी भिजवलेली कणीक लावतात. ती कमीजास्त झाली की घुमारा बिघडतो. ठेका बहुधा भजनी, आठ मात्रांचा. क्रम असा : रामकृष्णहरीचा गजर, रूपाचा अभंग, मग इतर अभंग, गौळण, शेवटी भैरवी. एकदा झालेला अभंग त्या रात्री पुन्हा घ्यायचा नाही, म्हणून शेवटी बसणाऱ्याची तारांबळ उडते.

मध्यंतरी आम्ही माईक आणला. ती चूक होती. माईकसमोर बरे गाणारे तिघेचौघेच बसू लागले, इतर मागे सरकले, पुढे यायचेच बंद झाले. गोल राहिला नाही, कार्यक्रम झाला. आता माईक बंद आहे. बेसूर म्हणणाऱ्यालाही पाळी चुकवता येत नाही. त्याचे धृपद आम्ही जरा मोठ्याने उचलतो. खर्च म्हणाल तर चहा आणि पोहे. तो यजमानाकडे, त्यामुळे हिशेब ठेवावा लागत नाही (आमच्यातल्या बँकवाल्यांना त्याची चुटपुट लागते).

खरी अडचण पुढच्या पिढीची आहे. घरे दांडिया बाजार, रावपुऱ्यातून मांजलपूर, गोत्रीकडे गेली. मुले गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी बोलतात, पण देवनागरी वाचताना अडखळतात. म्हणून काही आज्यांनी अभंग गुजराती लिपीत उतरवून वह्या केल्या आहेत. त्यावर आमच्यात वादही झाला. पण वही हातात आल्यापासून मुले पाळी घेतात. ‘माझा’मधला ‘झ’ गुजराती वळणाने आला, तर शेजारी बसलेली आजी तेवढा शब्द हळूच म्हणून दाखवते आणि टाळ चालू राहतो.