चंद्रपूरच्या वेशीवरील सिंह आणि हत्ती : युद्धस्मृतीचे प्राणिरूपक

युद्धाचा इतिहास केवळ बखरी, सनदा व लष्करी अहवाल यांतूनच व्यक्त होतो असे नाही; प्राण्यांच्या रूपकांतूनही तो सांगितला जातो. आर्ट स्पीगलमन यांच्या ‘माउस’ या चित्रकादंबरीत (१९८६ व १९९१) ज्यू उंदीर, तर जर्मन मांजरे आहेत. तेथे भक्ष्य कोण व भक्षक कोण याविषयी संदिग्धता नाही. चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटावरील रूपकाचे स्वरूप मात्र याहून भिन्न आहे.

जटपुरा, बिनबा, पठाणपुरा व अंचलेश्वर या चार वेशी असलेल्या या परकोटावर हत्तीला नमविणारा सिंह कोरलेला आढळतो. हे गोंड राजांचे राजचिन्ह होय. आकाराने लहान प्राणी प्रचंड प्राण्यावर मात करतो, हा त्यातील आशय उघड आहे. परंतु हत्ती म्हणजे नेमका कोणता शत्रू, हे शिल्प सांगत नाही. गजविजयी सिंहाची प्रतिमा दख्खनमधील अन्य किल्ल्यांवरही आढळत असल्याने तिला एखाद्या विशिष्ट लढाईचे चित्र मानणे उचित ठरणार नाही.

नगरस्थापनेच्या दंतकथेतही हाच उलटा क्रम दिसतो. खांडक्या बल्लाळशहाच्या कुत्र्याचा सशाने पाठलाग केला, अखेरीस कुत्र्याने सशाला मारले. राणीच्या सल्ल्याने सशाच्या मार्गावरून तट आखला गेला आणि ससा मेला ती जागा नगराला सदैव धोक्याची राहील, असे भाकीत तिने केले, अशी ही कथा आहे. राजचिन्हात केवळ विजय आहे. दंतकथेत पराभवाची जाणीवही आहे.

ती जाणीव पुढे इतिहासाने खरी ठरविली. १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी चांदा घेतला, मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तट फोडून शहरात प्रवेश केला. दोन्ही सत्तांतरांनंतर वेशीवरील सिंह तसाच राहिला. शत्रूचे नाव न घेणारी प्रतिमा नव्या सत्तेलाही अडचणीची वाटली नसावी, असे अनुमान येथे करता येते.

१८५८ च्या उठावाचे नायक बाबुराव शेडमाके यांची स्मृती मात्र याच्या उलट आहे. त्यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांदा येथे फाशी देण्यात आले. त्यांची आठवण वेशीवरील शिल्पात नाही. ती कारागृहातील पिंपळाशी जोडलेली आहे. सारांश, विजेत्याचे रूपक दगडात टिकते. पराभूताचे नाव समाजाला स्वतःच जपावे लागते. या प्रदेशाच्या इतिहासलेखनाने दोहोंचीही नोंद घेणे अगत्याचे आहे.