वाराणसीचे इंजिन आणि वंगणाचा दाटपणा

काशीची ख्याती घाटांची आणि विद्येची. परंतु १९६१ साली याच नगरीत भारतीय रेल्वेचा डिझेल इंजिनांचा कारखाना स्थापन झाला. जानेवारी १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते तेथील पहिले इंजिन राष्ट्राला अर्पण झाले. सोळा सिलिंडरांच्या व २,६०० अश्वशक्तीच्या त्या इंजिनाचा आराखडा अमेरिकेतील ॲल्को कंपनीचा होता. आराखडा परदेशातून आला, तरी इंजिनाला धावावयाचे होते ते भारताच्या थंडीवाऱ्यात आणि उन्हात.

अशा यंत्राचा जीव वंगणतेलाच्या तलम थरात असतो. फिरता दांडा आणि बेअरिंग यांना तोच अलग ठेवतो. थंड तेलात रेणूंची परस्परांवरील पकड घट्ट असते. उष्णतेने ती सैल होते व तेल पातळ होते. एकाच श्रेणीच्या तेलाचा ४० अंश सेल्सियसला असलेला दाटपणा १०० अंशांना सुमारे दशांशावर येतो. म्हणून पौषातील पहाटे दाट तेल वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते आणि तेवढ्यात धातू झिजतो. वैशाखात भार ओढताना मात्र थर तुटण्याचे भय असते.

यावर दोन उपाय योजले गेले. एक, इंजिनातील तेल थंड करणारे शीतक. दुसरा, बहुश्रेणी तेल. त्यात मिसळलेल्या बहुवारिकांच्या साखळ्या उष्णतेने उलगडतात व तेलाला फार पातळ होऊ देत नाहीत. भारतीय रेल्वेनेही पुढे असे तेल स्वीकारले. २०२० साली कारखान्याचे नाव बनारस रेल्वे इंजिन कारखाना झाले.