सुब्रतो मुखर्जी चषक

शालेय संघांची अखिल भारतीय फुटबॉल स्पर्धा. भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी (१९११–१९६०) यांचे नाव तिला आहे. शाळाशाळांमध्ये फुटबॉल रुजावा ही कल्पना त्यांचीच. स्पर्धा १९६० साली दिल्लीत सुरू झाली आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला टोकियोत त्यांचे निधन झाले. तुलनेसाठी पाहायचे तर, सोव्हिएत संघात मुलांसाठी ‘चामडी चेंडू’ ही फुटबॉल स्पर्धा १९६४ मध्ये सुरू झाली. तिच्यात गल्लीतले, अंगणातले संघ उतरत. आपल्याकडे मात्र संघ शाळेचाच.

उदाहरणार्थ, ठाणे शहरातील दिवा या उपनगरातल्या शाळेचा संघ आधी ठाणे महापालिका क्षेत्रात खेळतो, जिंकला तर मुंबई विभागात, मग राज्य पातळीवर. राज्याचा विजेता अखिल भारतीय फेरीला जातो. खरी कसोटी पहिल्या पायरीवरच लागते. स्पर्धेचे सामने साधारण पावसाळ्यातच येतात. मैदान चिखलाने भरलेले, चेंडू भिजून जड झालेला, अन् सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये पाठीवरच्या दप्तरासोबत हातात बुटांची पिशवी. खाडीकाठच्या या दाट वस्तीत मोकळी जागा फारच थोडी, त्यामुळे पूर्ण मापाच्या मैदानावर धावण्याची सवयच मुलांना नसते. ही उणीव मुलांची नव्हे, मैदानांची आहे, हे नोंदवणे आवश्यक वाटते.

मुलग्यांच्या दोन वयोगटांच्या जोडीला मुलींचा गट बऱ्याच वर्षांनी आला. शेजारी देशांतील शाळांचे संघही अखिल भारतीय फेरीत निमंत्रणावरून खेळले आहेत.